रूज नदीकाठचे चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

माझी लेक आणि जावई मिशिगनमधील नोव्ही येथे राहतात, आणि त्या गावातील बऱ्याच मराठी घरांप्रमाणे त्यांचीही चूल मोटारधंद्यावरच पेटते. मी स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात 31 वर्षे घालवली. त्यामुळे ऑक्टोबरात त्यांच्याकडे जायचे ठरले, तेव्हा नायगाऱ्याच्या आधी चार दिवस फोर्ड कंपनीसाठी राखून ठेवावेत, असा हट्ट मी धरला. लेक हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात, पण शिफ्ट काही सुटली नाही तुमची."

डेट्रॉईटमधील पिकेट अॅव्हेन्यूवरचा फोर्डचा जुना कारखाना रस्त्यावरून पाहणाऱ्याची फसगत होते. दर्शनी बाजू अवघी 56 फूट रुंद, एखाद्या जुन्या शाळेसारखी. मात्र आत गेल्यावर 402 फूट लांबीचा तीन मजली पसारा समोर येतो. लालबाग-परळच्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही घडण ओळखीची वाटेल, आणि त्याला कारणही आहे, कारण 1904 मध्ये ही इमारत उभारताना न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांचाच नमुना डोळ्यांसमोर ठेवलेला होता. हातातल्या कामावर सूर्याचा उजेड पडावा म्हणून इमारत अरुंद ठेवायची आणि लांब भिंती खिडक्यांनी भरून टाकायच्या. येथे एकंदर 355 खिडक्या आहेत. पायाखाली लाकडी फळ्या असून वर्षानुवर्षे मुरलेल्या तेलाने त्या काळवंडल्या आहेत. कोणत्याही जुन्या शॉपफ्लोअरवर असतो तसाच तो काळेपणा आहे, आणि तो पाहून मला पहिल्याच पावलाला घरी आल्यासारखे वाटले.

या इमारतीत येण्यापूर्वी हेन्री फोर्डच्या दोन कंपन्या होऊन गेल्या होत्या. 1899 मध्ये निघालेली पहिली दोन वर्षांत बुडाली. दुसरीतून तो 1902 मध्ये बाहेर पडला आणि तिचीच पुढे कॅडिलॅक झाली. तिसरी, म्हणजे आजची फोर्ड मोटर कंपनी, 16 जून 1903 रोजी नोंदली गेली. भागधारक 12 होते आणि रोख भांडवल जमले 28 हजार डॉलर. त्यांत अलेक्झांडर माल्कमसन हा कोळशाचा व्यापारी होता, त्याचा हिशेबनीस जेम्स कझन्स होता, आणि इंजिने बनवून देणारे डॉज बंधूही होते. जुलैत कंपनीच्या खात्यात 223 डॉलर 65 सेंट एवढीच शिल्लक उरली असताना शिकागोच्या एका डॉक्टरने पहिली मोटार विकत घेतली. कझन्सने ती रक्कम बँकेत भरताना सोडलेला सुस्कारा, महिनाअखेरीस पगाराची सोय करत बसणाऱ्या कोणत्याही हिशेबनिसाला ऐकू येईल.

तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक छोटी खोली आहे. 1907 मध्ये ती भिंत घालून वेगळी काढली आणि तिला कुलूप लावले. आत फळा, यंत्रे आणि मोजकी माणसे असत. हंगेरीहून आलेला योझेफ गालाम्ब फळ्यावर आकृत्या काढी, हॅरॉल्ड विल्स व्हॅनेडियमयुक्त पोलादाचा विचार करी, कारण त्या पोलादात भाग हलका करूनही मजबूत राखता येत होता, आणि फोर्ड आईच्या जुन्या झुलत्या खुर्चीत बसून पाहत राही. फोर्डला नकाशे वाचण्यापेक्षा घडलेला भाग हातात घेऊन पारखणे अधिक जमे. आमच्याकडेही असे फोरमन होते, ड्रॉइंग बाजूला सारून ते भागावर अंगठा फिरवत आणि म्हणत, "हा चालणार नाही." या खोलीतून निघालेली मॉडेल टी 1 ऑक्टोबर 1908 रोजी बाजारात आली. चार सिलिंडर, 20 अश्वशक्ती आणि किंमत 850 डॉलर. पहिल्या सुमारे 12 हजार गाड्या याच इमारतीत बनल्या. त्या काळी गाडी एका जागी उभी असे आणि माणसे तिच्याभोवती फिरत.

दुपारी वुडवर्ड अॅव्हेन्यूने उत्तरेला हायलंड पार्कला गेलो. हे जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉईटने वेढलेले वेगळे शहर आहे, आणि कर्जापायी 2011 मध्ये येथील हजारावर रस्त्यांवरचे दिवे खांबांसकट काढून नेले गेले होते. अशा गावात जगाच्या कारखानदारीचे सर्वांत मोठे स्थित्यंतर घडले हे रस्त्यावर उभे राहून पटत नाही. वास्तुविशारद आल्बर्ट कान याने फोर्डसाठी काँक्रीट आणि काच वापरून उभारलेला कारखाना 1910 मध्ये सुरू झाला. आता उरलेल्या इमारती बंद आहेत, बाहेर एक स्मृतिफलक आहे, आणि शेजारच्या दुकानसंकुलाला मॉडेल टीचे नाव दिलेले आहे.

फलकापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण माझ्या सगळ्या नोकरीचे मूळ येथे आहे. एप्रिल 1913 मध्ये आधी इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नावाचा छोटा भाग सरकत्या ओळीवर घेतला गेला. एकटा कामगार तो पूर्ण जोडायला 20 मिनिटे घेई; काम वाटून दिल्यावर वेळ 13 मिनिटे 10 सेकंदांवर आला. मग ऑक्टोबरात संपूर्ण चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दोराने ओढली जाऊ लागली, आणि साडेबारा तासांचे काम काही महिन्यांत 93 मिनिटांवर आले. सायकल टाइममधून, म्हणजे एका फेरीच्या कामाला लागणाऱ्या वेळातून, दोन सेकंद कमी करण्यासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे घालवत असू, हे ज्याने केले आहे त्यालाच या 93 आकड्याचा धसका कळेल.

धसका कामगारांनीही घेतला. एकच बोल्ट दिवसभर आवळत राहण्याच्या कामाला कंटाळून लोक इतके सोडून जात की 1913 मध्ये सुमारे 14 हजारांचे मनुष्यबळ टिकवण्यासाठी 52 हजारांवर माणसे नेमावी लागली. 5 जानेवारी 1914 रोजी जाहीर झालेली दिवसाला 5 डॉलरची मजुरी आणि आठ तासांची पाळी, ही आधी या गळतीवरची मात्रा होती. तिचे औदार्य नंतर सांगितले गेले. बातमी फुटताच कडाक्याच्या थंडीत हजारोंचा जमाव फाटकाशी लोटला आणि काही दिवसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले. शिवाय ते 5 डॉलर सरसकट मिळत नसत. कंपनीचे निरीक्षक घरी येऊन कामगार दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का, हे पाहून जात. परदेशांतून आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग होते, आणि त्यांच्या समारंभात एक भलामोठा हंडा मंचावर ठेवला जाई. कामगार आपापल्या मुलखाच्या पोशाखात त्यात उतरत आणि अमेरिकन सूट घालून, हाती झेंडा घेऊन बाहेर येत. भोसरीत घाम आमचाही विकत घेतला होता हे खरे, पण आमच्या देवघरात डोकावायला कोणी व्यवस्थापक आला नव्हता.

येथलीच आणखी एक गोष्ट सांगतात. 1912 मध्ये फोर्ड युरोपहून परतला तेव्हा त्याच्या माणसांनी मॉडेल टीची सुधारलेली, तांबड्या रंगाची गाडी त्याच्यापुढे कौतुकाने उभी केली. त्याने तिच्याभोवती फेऱ्या घातल्या आणि मग काही न बोलता हातांनी तिचे दार उखडले, काच फोडली. ही गोष्ट मी सबंध प्रवासभर विसरू शकलो नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

रूज नदीकाठच्या फोर्डच्या रूज कारखान्याची सहल डेट्रॉईटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमधील हेन्री फोर्ड संग्रहालयापासून बसने निघते. 1917 मध्ये येथे बांधकाम सुरू झाले, पहिल्या महायुद्धात आधी पाणबुड्यांविरुद्धची जहाजे बनली, आणि 1928 पर्यंत दीड मैल लांब व एक मैल रुंद आवारात 93 इमारती आणि सुमारे 100 मैलांचे अंतर्गत लोहमार्ग उभे राहिले. जहाजांतून लोहखनिज आणि कोळसा एका टोकाला उतरायचा आणि दुसऱ्या टोकाने गाडी चालत बाहेर पडायची. पोलाद, काच, वीज सारे घरचे. एवढेही पुरेना म्हणून फोर्डने ब्राझीलच्या जंगलात रबराच्या लागवडीसाठी गावच वसवले आणि त्यात त्याचे हात पोळले. भागधारकांची कटकटही त्याने संपवली होती. लाभांशासाठी डॉज बंधूंनी केलेला दावा हरल्यावर 1919 मध्ये साधारण साडेदहा कोटी डॉलर मोजून त्याने सगळ्यांचे भाग विकत घेतले. 28 हजारांवर सुरू झालेल्या कंपनीचा सातबारा आता एकाच कुटुंबाच्या नावावर झाला. कागदोपत्री अध्यक्ष होता मुलगा, एड्सेल.

आज येथे एफ-150 पिकअप ट्रक बनतात. ट्रकच्या कारखान्याच्या छपरावर दहा एकरांहून मोठे सीडम या बुटक्या वनस्पतीचे हिरवे आच्छादन आहे; ते पावसाचे पाणी धरून ठेवते. 1999 मध्ये येथील वीजघरात झालेल्या स्फोटात सहा कामगार दगावले, आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत हे छप्पर आले. आत जमिनीपासून उंचावर प्रेक्षकांसाठी मार्गिका आहे. तिच्यावरून खाली पाहताना एका स्थानकावरच्या बाईंवर माझी नजर खिळली. दाराच्या आतल्या बाजूची रबरी पट्टी त्या बसवत होत्या: डाव्या हाताने टोक धरायचे, उजव्या तळव्याने वरून खाली दाबत न्यायचे, कोपऱ्यावर अंगठ्याने एक ठोसा, आणि मागे न पाहता पुढची पट्टी. सात-आठ गाड्या मी मोजल्या. अंगठ्याचा ठोसा एकदाही चुकला नाही. शेजारी उभ्या मुलांना रोबो पाहायचे होते, आणि ते साहजिकच आहे.

जेवायला कारखान्याला लागून असलेल्या वस्तीत गेलो. या भागात येमेनी कुटुंबांची दाट वस्ती आहे; डिअरबॉर्नमधील अरब समाज मुळात याच कारखान्याच्या ओढीने येथे आला. भात आणि मटण झकास होते.

जेवणानंतर मिलर रोडवर गाडी थांबवली. 7 मार्च 1932 रोजी, मंदीच्या ऐन भरात, काम गेलेल्या हजारोंचा मोर्चा याच रस्त्याने फाटकाकडे आला, आणि पोलीस व कंपनीच्या पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबारात त्याच दिवशी चौघे ठार झाले. पाच वर्षांनी, 26 मे 1937 रोजी, चार क्रमांकाच्या फाटकापाशी पुलावर पत्रके वाटायला आलेल्या वॉल्टर रॉयथर आणि रिचर्ड फ्रँकेन्स्टीन या युनियनच्या पुढाऱ्यांना हॅरी बेनेटच्या माणसांनी बेदम मारले. बेनेट हा फोर्डचा उजवा हात, आणि त्याचे खाते म्हणजे पगारी दंडेली. त्यांनी छायाचित्रकारांच्या काचपट्ट्याही हिसकावल्या; पण डेट्रॉईट न्यूजच्या एकाने खऱ्या पट्ट्या आसनाखाली दडवून भलत्याच हवाली केल्या, म्हणून ती मारहाण सगळ्या देशाने पाहिली. फोर्डने युनियनशी करार केला तो जून 1941 मध्ये, तीन बड्या मोटार कंपन्यांत सर्वांत शेवटी.

संध्याकाळी डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रे पाहिली. आधी रूज आणि मग ही चित्रे, असा क्रम ज्या कुणाला जमेल त्याने जमवावा. एकंदर 27 चित्रचौकटी आहेत, आणि त्यांसाठी सुमारे 20 हजार डॉलर एड्सेल फोर्डने आपल्या खिशातून दिले. मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा हा उघड मार्क्सवादी मेक्सिकन चित्रकार डेट्रॉईटमध्ये उतरला, आणि त्याला रूजमध्ये महिनोन्महिने मोकळेपणाने रेखाटने करू दिली गेली. उत्तरेच्या भिंतीवर 1932 चे व्ही-8 इंजिन घडते आहे. दक्षिणेच्या भिंतीवर मेक्सिकोच्या प्राचीन देवतेसारखा भासणारा प्रचंड प्रेस, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे यंत्र, आहे. प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ती उपमा मुळीच अतिशयोक्तीची वाटणार नाही. डाय खाली येताना जमीन हादरते, तेव्हा आपसूक नमस्कार घडतो.

त्याच भिंतीवर कामगारांच्या मागे काही पाहुणे उभे राहून ओळीकडे पाहत आहेत. नीटनेटके कपडे, निर्विकार चेहरे. सकाळी त्या मार्गिकेवर मीही असाच उभा होतो, हे लक्षात आल्यावर मी खाली पाहिले. आणि तयार मोटार? ती शोधावी लागते. ओळीच्या पार शेवटी, नखाएवढी, तांबडी. मोटारीच्या कारखान्यावरच्या एवढ्या अवाढव्य चित्रात मोटार नावापुरती आणि माणसांचे दंड, पाठी, माना मात्र पुरुषभर, ही चित्रकाराची मूल्ययादी होय. अनावरणानंतर चित्रे धर्मबाह्य आहेत, साम्यवादी आहेत, पुसून टाका, अशी ओरड झाली, तेव्हा एड्सेल चित्रकाराच्या बाजूने उभा राहिला. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याचेही चित्र आहे. काळा सूट, हाती कागद, नजर कुठेतरी पलीकडे.

तिसरा दिवस, शनिवार

हेन्री फोर्ड संग्रहालय एका दिवसात उरकण्यासारखे नाही. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई ज्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत ती बस येथे आहे, आणि केनेडींवर गोळी झाडली गेली ती लिंकन कॉन्टिनेंटलही येथेच. मला पाहायची होती ती 1896 ची क्वाड्रिसायकल. सायकलीची चार चाके, घोडागाडीसारखी बैठक, सुकाणूसारखा दांडा, भोंग्याऐवजी दारावरची घंटा. उलटा गिअर नाही, ब्रेकही नाहीत. एडिसनच्या नावाच्या वीज कंपनीतली नोकरी सांभाळून फोर्डने ती घरामागच्या खोपटात बनवली, आणि 4 जूनच्या पहाटे बाहेर काढताना कळले की ती दारातून जात नाही. तेव्हा त्याने कुऱ्हाडीने विटा फोडल्या. ही गोष्ट येथे हौसेने सांगितली जाते. मला मात्र गुरुवारची तांबडी गाडी आठवली. हात तोच, फक्त पहिल्या वेळी तो भिंतीवर पडला होता.

लगतच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये फोर्डने जगभरातून जुनी घरे उचलून आणून एक गाव मांडले आहे. त्याचे स्वतःचे जन्मघर, राइट बंधूंचे सायकलचे दुकान, एडिसनची प्रयोगशाळा. ज्याच्या गाडीने जुनी खेडी मोडली त्यानेच ती काचेच्या कपाटात ठेवावीत, याची मौज वाटते. येथे मॉडेल टीमध्ये बसता येते. आमचे चालक एक वयस्क गृहस्थ होते, आणि माझे सगळे लक्ष त्यांच्या पायांकडे होते. तीन पेडल, पण त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे तो नव्हे: डावे पूर्ण दाबले की खालचा गिअर, सोडले की वरचा, मधले उलटे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. वेग सुकाणूखालच्या दांडीने हातानेच वाढवायचा. पेट्रोल टाकीतून उतारानेच इंजिनात येत असल्याने, टाकीत कमी असले तर चढण उलट्या गिअरमध्ये चढत असत, असेही त्यांनी सांगितले. काळा रंगच मिळे, ही समजूत अर्धवट आहे. तसे 1914 ते 1925 या काळातच होते.

1925 पर्यंत स्वस्तातली मॉडेल टी 260 डॉलरला मिळू लागली होती, आणि तरी प्रतिस्पर्धी शेव्हरोलेट पुढे सरकत होती, कारण लोकांना आता रंग, आराम आणि नवेपणा हवा होता. एड्सेल हे वर्षानुवर्षे सांगत होता. बापाने ऐकले ते अगदी उशिरा. 26 मे 1927 रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली, तिच्यात बसून बापलेक एकत्र निघाले, आणि मग नवी मॉडेल ए तयार होईपर्यंत कारखाने महिनोन्महिने बंद राहिले. त्या नव्या गाडीच्या देखणेपणात एड्सेलचा हात होता. ही तारीख मी वहीत टिपली, तेव्हा ध्यानात आले की फाटकावरची मारहाणही 26 मेचीच, आणि एड्सेल वयाच्या 49 व्या वर्षी पोटाच्या कर्करोगाने गेला तो दिवसही 26 मे 1943. योगायोगच, पण मला त्यानंतर जेवण गेले नाही.

फोर्डविषयी लिहिताना त्याचे डिअरबॉर्न इंडिपेंडंट हे साप्ताहिक टाळून चालणार नाही. 1920 पासून त्याने त्यातून ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखमाला चालवली, 1927 मध्ये दाव्याच्या दडपणाखाली माफी मागितली, आणि 1938 मध्ये पंचाहत्तरीला नाझी जर्मनीचे मानचिन्हही स्वीकारले. याच माणसाने 1941 मध्ये गांधीजींना आदराचे पत्र लिहिले आणि गांधीजींनी त्याला स्वाक्षरी केलेला चरखा पाठवला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

निघताना फोर्डच्याच मस्टँग मोटारीची पहिल्या क्रमांकाची गाडी पाहिली. एप्रिल 1964 मध्ये ही गाडी केवळ दाखवण्यासाठी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला पाठवली होती, पण तिथल्या विक्रेत्याने ती एका वैमानिकाला विकून टाकली. दोन वर्षांनी कंपनीने त्याला दहा लाख एकावी मस्टँग देऊन ती परत मिळवली.

चौथा दिवस, रविवार

सकाळी जावई मिशिगन सेंट्रल स्थानक दाखवायला घेऊन गेले. 1988 मध्ये शेवटची गाडी गेल्यावर हे 18 मजली स्थानक तीस वर्षे भग्नावस्थेत पडून होते. डेट्रॉईटच्या पडझडीवर लिहिणारा प्रत्येकजण त्याचेच छायाचित्र छापत असे. फोर्डने ते 2018 मध्ये विकत घेतले आणि जून 2024 मध्ये डागडुजी करून उघडले. प्रतीक्षालयाच्या उंच कमानीखाली कॉफी घेताना विषय निघाला तो उधारीचा. 2006 च्या अखेरीस कंपनीने कारखाने तर सोडाच, निळा लंबगोल शिक्काही गहाण टाकून सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलर उभे केले होते, म्हणून 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या इतर दोघींसारखे तिला सरकारपुढे दिवाळे काढावे लागले नाही. त्याच ओढाताणीत 2008 मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर टाटा मोटर्सला 2.3 अब्ज डॉलरना विकल्या गेल्या. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या चहाच्या टपऱ्यांवर चाललेल्या चर्चा मला आजही ऐकू येतात. फोर्ड आम्हाला परकी नव्हतीच; 1996 मध्ये तिची एस्कॉर्ट नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात जोडली जात होती. 2021 मध्ये कंपनीने भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, आणि तिचा साणंदचा कारखानाही पुढे टाटांकडेच गेला.

दुपारी फेअर लेन, म्हणजे हेन्री फोर्डचे राहते घर. दुरुस्ती चालू असल्याने आत जाता आले नाही, पण आवारात हिंडता येते. घराखाली रूज नदी वाहते, आणि काठावर दगडी वीजघर आहे. त्याची कोनशिला 1914 मध्ये एडिसनने बसवली होती. घराला लागणारी वीज येथे याच नदीच्या पाण्यावर तयार होई. पाने पिवळी-तांबडी झाली होती आणि पाणी जेमतेम गुडघाभर असावे. हेच पाणी काही मैल पुढे त्या कारखान्याजवळून डेट्रॉईट नदीला मिळते, असे मी लेकीला सांगितले.

एप्रिल 1947 मध्ये मात्र नदीला पूर आला होता. 7 तारखेला 83 वर्षांचा फोर्ड पुराचे नुकसान पाहायला मोटारीतून हिंडून आला. वीजघरात पाणी शिरल्याने घरात अंधार होता. रात्री मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावले होते, आणि त्या उजेडातच तो गेला. एड्सेलच्या मृत्यूनंतर त्याने कंपनी पुन्हा आपल्या हाती घेतली होती आणि ती तोट्यात रुतत चालली होती. शेवटी एड्सेलच्या विधवा पत्नीने आपले भाग विकून टाकण्याची धमकी दिली, तेव्हा 1945 च्या सप्टेंबरात त्याने अध्यक्षपद सोडले. नव्या अध्यक्षाचे पहिल्याच दिवसांतले काम म्हणजे हॅरी बेनेटला घरी पाठवणे. पुराच्या त्या रात्री तो अध्यक्ष 29 वर्षांचा होता, आणि तो एड्सेलचा थोरला मुलगा होता.